बॅटरी कोणाच्या घरात?

"कॉम्प्युटर आणि राउटरला बॅकअप कुठला घेऊ रे?" पावसाळ्याच्या तोंडावर नात्यातलं कोणी ना कोणी हा प्रश्न विचारतंच. विचारणाऱ्याला कंपनीचं नाव आणि किंमत एवढंच हवं असतं. मी मात्र उलट विचारतो, की नेमकं काय चालू ठेवायचंय आणि किती वेळ? मग समोरचा जरा वैतागतो. साधी बॅटरी घ्यायची तर एवढी चौकशी कशाला!

पण या चौकशीमागे सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो एकदा डोक्यात बसला की दुकानात काय मागायचं ते आपोआप कळतं. शिवाय आणखी एक गोष्ट लक्षात येते, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. ती अशी की वीज गेल्यावर काम चालू ठेवण्याची जबाबदारी आधी कोणाकडे होती आणि ती हळूहळू कोणाकडे सरकली. तर मंडळी, आज ही बॅटरीची गोष्ट.

सुरुवात टेलिफोनपासून करू. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ मध्ये. त्या जमान्यातला फोन म्हणजे भिंतीवर लावलेली लाकडी पेटी. बोलण्यासाठी लागणारी वीज ग्राहकाच्याच पेटीतल्या सेलमधून यायची, आणि एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला हाक मारायला हँडल गरागरा फिरवावं लागायचं. जुन्या हिंदी-मराठी सिनेमात आपण पाहिलेला तो हँडलवाला फोन, तो हाच. म्हणजे संपर्काच्या यंत्राला लागणारी बॅटरी तेव्हा ज्याच्या त्याच्या घरात होती. सेल संपला की फोन मुका. फोन कंपनीच्या दृष्टीने ही मोठीच डोकेदुखी, कारण शहरभर पसरलेल्या शेकडो पेट्यांमधले सेल बदलायला माणसं पाठवायची.

यावर तोडगा निघाला १८९० च्या दशकात, अमेरिकेत. सगळ्यांच्या घरातले सेल काढून टाकायचे, एक्स्चेंजमध्ये एकच मोठी बॅटरी ठेवायची आणि आवाज जातो त्याच तांब्याच्या तारेतून प्रत्येक फोनला वीज पुरवायची. हे शक्य झालं ते शिशाच्या बॅटरीमुळे. १८५९ मध्ये गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल वापरून परत परत चार्ज करता येणारी बॅटरी बनवली होती. १८८१ मध्ये कामिय फोर या दुसऱ्या फ्रेंच माणसाने पत्र्यांवर शिशाच्या ऑक्साइडचा लेप देऊन ती कारखान्यात बनवण्याजोगी केली. आज आपल्या इन्व्हर्टरखाली असते ती बॅटरी त्याच घराण्यातली. एका सेलचे साधारण दोन व्होल्ट. असे सहा सेल जोडले की आपली बारा व्होल्टची बॅटरी, आणि चोवीस जोडले की अठ्ठेचाळीस व्होल्ट. जगभरच्या टेलिफोन एक्स्चेंजांनी हे अठ्ठेचाळीस व्होल्ट प्रमाण मानले.

आपल्याकडे छोट्या गावांतले हँडलवाले फोन पुढेही बरीच दशकं टिकले. पण शहरांत आणि नंतर बहुतेक सगळीकडे बॅटरी एक्स्चेंजमध्ये गेली. तिथे बॅटरीची वेगळी खोली आणि जोडीला डिझेल जनरेटर. याचा परिणाम इतका सवयीचा होता की तो कोणाच्या लक्षातही येत नसे. घरात लाइट गेली, पंखा बंद, टीव्ही बंद, पण काळ्या फोनचा रिसीव्हर उचलला की डायल टोन ऐकू येणारच. अंधारात मेणबत्ती शोधता शोधता डॉक्टरांना फोन लावता येत असे. त्यासाठी कोणी एक रुपयाचीही बॅटरी घेतलेली नव्हती. खरं म्हणजे घेतलेली होती, पण सगळ्यांनी मिळून, फोनच्या बिलातून. ती सांभाळायला पगारी माणसं होती.

विजेच्या बाबतीतही मुंबईने अशीच एक सामूहिक सोय करून ठेवली. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ चं आणि भिऱ्याचं १९२७ चं. पुढे ट्रॉम्बेचं औष्णिक केंद्र आलं. १९८१ मध्ये यांच्या जोरावर 'आयलंडिंग' नावाची व्यवस्था उभी राहिली. बाहेरच्या ग्रिडमध्ये मोठा बिघाड झाला की मुंबईने आपोआप स्वतःला तोडून घ्यायचं, बेटासारखं वेगळं व्हायचं आणि आपल्या केंद्रांवर शहर चालवायचं. म्हणजे एका अख्ख्या शहराचा यूपीएसच म्हणा ना. नव्वदच्या दशकात किंवा २००५ नंतरही मे महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या मुंबईकर पाहुण्यांना इन्व्हर्टर या वस्तूचं जे नवल वाटायचं त्याचं कारण हे होतं. त्यांच्या घरात बॅटरी नव्हती, कारण ती खोपोलीच्या वर, धरणात पाण्याच्या रूपात साठवलेली होती.

उरलेल्या महाराष्ट्राला असं बेट नव्हतं. दाभोळचा एन्रॉनचा प्रकल्प १९९९ मध्ये वीज देऊ लागला आणि दर व थकबाकीच्या भांडणात २००१ च्या मे महिन्यात बंद पडला. त्याच वर्षी डिसेंबरात एन्रॉन कंपनीच दिवाळखोरीत गेली. इकडे विजेची मागणी वाढतच होती आणि नवी केंद्रं मात्र त्या वेगाने येत नव्हती. जून २००५ मध्ये राज्य वीज मंडळाचं विभाजन होऊन महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा कंपन्या झाल्या, आणि त्याच सुमारास भारनियमन हा शब्द लहान मुलांच्याही तोंडी बसला. पेपरात रेल्वेच्या टाइमटेबलसारखं लोडशेडिंगचं वेळापत्रक यायचं आणि ते कापून फ्रिजवर चिकटवलं जायचं. फीडरची वर्गवारी गळती आणि वसुलीवर ठरे. ज्या फीडरवर चोरी आणि थकबाकी जास्त, तिथे अंधार जास्त. शहरात तीन-चार तास, तर खेड्यांत बारा-बारा तास. नियमाने बिल भरणारा माणूस वाईट फीडरवर राहत असेल तर शेजाऱ्यांच्या आकड्यांची शिक्षा त्यालाही.

याच काळात घरोघरी दोन पेट्या आल्या. एक टेबलाखालचा यूपीएस आणि दुसरा गॅलरीतला इन्व्हर्टर. दोन्हींचं काम वरवर सारखं, पण जन्म वेगळ्या गरजांतून झालेला. त्या वेळचा असेंबल केलेला कॉम्प्युटर आणि त्यावरचा पेटीएवढा मॉनिटर मिळून दीडशे वॉटच्या आसपास खात. विंडोज नीट बंद झालं नाही की पुढच्या वेळी निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क सुरू, आणि निम्मी टाइप केलेली फाइल गायब. त्यामुळे यूपीएसचं काम एवढंच होतं की टीं टीं करत दहा मिनिटं तग धरायची आणि तेवढ्यात आपण सेव्ह करून शट डाउन करायचं. इन्व्हर्टरचं काम उलट. दोन पंखे आणि तीन ट्यूब रात्रभर चालल्या पाहिजेत. मध्ये क्षणभर अंधार झाला तरी पंख्याला काय फरक पडतो! यूपीएस ती वेळ साधण्यासाठी आणि इन्व्हर्टर ती वेळ काढण्यासाठी, हा फरक आजही लागू आहे.

इन्व्हर्टरने घराघरांत सुख आणलं यात वाद नाही. दहावीच्या पोरांचे अभ्यास त्यावर झाले. पण त्याचा हिशोब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. बारा व्होल्ट, दीडशे अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-अवर, पावणेदोन युनिटांपेक्षा थोडी जास्त वीज. ती भरताना आणि परत काढताना बराच भाग उष्णतेत जातो. तीन युनिटं परत मिळवायची तर चारच्या वर युनिटं ग्रिडमधून घ्यावी लागतात. आणि ती केव्हा घेतली जातात? लोडशेडिंग संपल्या संपल्या, गल्लीतल्या सगळ्या इन्व्हर्टरांकडून एकाच वेळी. म्हणजे टंचाईवरचा प्रत्येकाचा खाजगी उपाय मिळून सगळ्यांची टंचाई थोडी वाढवत होता. शिवाय ज्याच्या घरी पंखा चालू त्याची ओरड कमी झाली. ओरड करू शकणारा, पेपरात पत्र लिहू शकणारा, ओळखीच्या नगरसेवकाला फोन करू शकणारा वर्गच गप्प झाला. माझ्या मते इन्व्हर्टरची खरी किंमत ही होती, आणि ती कुठल्याच बिलावर छापलेली नव्हती.

दुसरे मार्ग नव्हते असंही नाही. त्याच काळात ग्रामीण भागात अक्षय प्रकाश योजना आली. गावाने मिळून ठरवायचं की संध्याकाळी ठरलेल्या वेळात कोणी मोटर, पिठाची गिरणी किंवा शेगडी लावणार नाही. फक्त दिवे, पंखे, टीव्ही. त्या बदल्यात गावाची संध्याकाळ अंधारात जाणार नाही. यात बॅटरी नाही, ॲसिड नाही, डिस्टिल्ड वॉटर नाही. होता तो फक्त शब्द, आणि तो पाळायला सरपंचापासून गिरणीवाल्यापर्यंत सगळे लागत. पुण्यात २००६ मध्ये वेगळा प्रयोग झाला. कारखान्यांनी टंचाईच्या वेळी स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे ग्रिडमधली वाचलेली वीज शहराला मिळायची, आणि डिझेलचा जादा खर्च वीज नियामक आयोगाच्या मंजुरीने ग्राहकांच्या बिलातून भरून काढायचा. 'पुणे मॉडेल' म्हणून ते गाजलं. त्यावर टीकाही झाली, आणि ती खोटी नव्हती. पैसे मोजू शकणाऱ्या शहराला उजेड मिळाला, पण मराठवाड्यातल्या खेड्याला ते कसं जमणार? तरीही घरटी एक बॅटरी घेण्यापेक्षा ते स्वस्त आणि शहाणपणाचं होतं, असं मला वाटतं. डिसेंबर २०१२ पर्यंत राज्य भारनियमनमुक्त करायचं अशी घोषणा झाली होती. कमी गळतीच्या फीडरवर ती खरी ठरली. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईत भारनियमन परत डोकावून गेलं, पण ते जुने बारा तास शहरी माणसं आता विसरली आहेत.

आता परत टेलिफोनच्या तारेकडे येऊ, कारण आपला राउटर त्या घराण्यातला. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. डायल-अपचा मोडेम घरच्या विजेवर चालायचा. २००५ पासून आलेल्या ब्रॉडबँडचंही तसंच. एक्स्चेंजमधलं यंत्र तिथल्या बॅटरीवर जिवंत, पण घरातला मोडेम लाइटीबरोबर बंद. तरी त्याच तारेवरचा साधा फोन तेवढा चालायचा. मग फायबर आलं. काचेच्या तंतूतून प्रकाश जातो, वीज जात नाही. त्यामुळे फायबरच्या टोकाला लावलेल्या डब्याला घरचीच वीज लागते आणि त्या डब्याच्या मागे लावलेला फोनही लाइट गेली की मुका होतो. १८८२ ला जिथून सुरुवात केली होती तिथेच आपण परत येऊन पोचलो. बॅटरी पुन्हा ग्राहकाच्या पेटीत. कंपनीची डोकेदुखी गेली, आपली सुरू झाली. गंमत म्हणजे एवढा मोठा बदल झाला आणि कोणी आपल्याला तसं सांगितलंही नाही.

२०२० साली तो सगळ्यांना एकदम जाणवला. मार्चपासून ऑफिस, शाळा, बँक सगळं घरातल्या त्या एका डब्यावर आलं. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा श्रीवर्धन, दिवेआगर भागात वीज तर गेलीच, पण मोबाईलही मुके झाले. टॉवरलाही शेवटी बॅटरी आणि डिझेलच लागतं. आणि १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमारास खुद्द मुंबई बंद पडली. लोकल जागच्या जागी थांबल्या आणि १९८१ पासूनचं ते बेट त्या दिवशी शहराला वाचवू शकलं नाही. त्यानंतर राउटरच्या छोट्या यूपीएसबद्दल मला विचारणाऱ्यांत मुंबईकर नातेवाईकही सामील झाले.

तर आता मूळ प्रश्न. काय घ्यावं?

लॅपटॉप असेल तर त्याच्या पोटात बॅटरी आहेच, त्याला यूपीएसची गरज नाही. डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं पुरतात, त्यासाठी ६०० व्हीएचा साधा यूपीएस चालतो. फक्त व्हीए म्हणजे वॉट नव्हेत हे लक्षात ठेवा. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस बहुधा ३६० वॉटच देतात. आत असते बारा व्होल्ट, सात अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-अवर. पण हा सातचा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी केली तरच खरा. भराभर उपसली तर शिशाची बॅटरी तेवढी देत नाही, हे पॉइकर्ट नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्येच दाखवून ठेवलंय. त्यामुळे निम्मं धरून चाला. लेझर प्रिंटर त्यावर कधीही लावू नका, त्याच्यात हीटर असतो. आणि घरात इन्व्हर्टर असेलच तर त्याच्या मागचं 'यूपीएस मोड'चं बटण आधी बघा. त्या मोडमध्ये तो इतक्या पटकन बॅटरीवर येतो की कॉम्प्युटरला कळतही नाही. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचा असावा. स्वस्त स्क्वेअर वेव्हवर पंखा घुमतो आणि कॉम्प्युटरचे काही पॉवर सप्लाय चालायला नकार देतात.

राउटरची गरज वेगळी. तो खातो जेमतेम आठ-दहा वॉट, पण लागतो तासन् तास. त्याला ६०० व्हीएचा यूपीएस लावला तर बरीचशी वीज यूपीएस स्वतःच खातो. आधी बारा व्होल्ट डीसीचे दोनशे तीस एसी करायचे, मग राउटरच्या ॲडॉप्टरने त्याचे परत बारा डीसी करायचे. हा द्राविडी प्राणायाम टाळणारे लिथियमचे छोटे डीसी यूपीएस मिळतात, ते सरळ बारा व्होल्टच देतात. घेताना ॲडॉप्टरवर छापलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या. डब्यावरच्या '८०००' आकड्याला मात्र भुलू नका. तो आकडा ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. ८ अँपिअर-अवर गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३० वॉट-अवर. आठ वॉटच्या राउटरला तीन तास, फार तर साडेतीन.

आणि पैसे देण्याआधी एक गोष्ट नक्की करा. लाइट गेलेली असताना राउटर कशावर तरी चालू ठेवून नेट येतंय का ते बघा. फायबर थेट घरात येत असेल तर बहुतेक वेळा येतं, कारण मधल्या वाटेवरच्या जोडण्यांना वीजच लागत नाही. पण बऱ्याच ठिकाणी केबलवाल्याचा एक डबा जिन्यात किंवा गच्चीवर असतो आणि तो इमारतीच्या मीटरवर चालतो. तो बंद पडला की तुमच्या घरातला यूपीएस फक्त दिवे लुकलुकवत बसणार. जुनी शिशाची बॅटरी भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका, नवी घेताना दुकानदारालाच परत द्या. ती गोळा करण्याची जबाबदारी २००१ च्या नियमांनी विक्रेत्यांवरही टाकली होती, आणि २०२२ च्या नियमांनी ती मुख्यतः बनवणाऱ्यांवर आणली आहे. गल्लीत फोडलेल्या बॅटरीचं शिसं कोणाच्या तरी मुलांच्या पोटात जातं.

असो. जिन्यातला डबा वीस-पंचवीस वॉटपेक्षा क्वचितच जास्त खात असेल. चोवीस घरांच्या इमारतीत चोवीस जण आपापला राउटर जिवंत ठेवायला बॅटरी घेतात, आणि त्या सगळ्यांना जोडणाऱ्या डब्याला बॅटरी नसते म्हणून सगळेच बंद पडतात. त्याला एक बॅटरी लावायचा खर्च चोवीस घरांत वाटला तर एका घरी चहा-भज्यांच्या एका संध्याकाळीएवढा येईल. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये पार्किंगचं भांडण सुरू व्हायच्या आत हा विषय मांडून बघा. जमलं तर तुमचं एक छोटं एक्स्चेंज तयार होईल, आणि तळमजल्यावरच्या एकट्या राहणाऱ्या आजींनाही लाइट गेली असताना मुलाशी बोलता येईल. त्यांच्या खोलीतल्या राउटरसाठी तो तीन तासांचा छोटा डबा मात्र कोणीतरी आणून द्यावा लागेल.